मित्रांच्या फँटसी फुटबॉल लीगसाठी नियम कसे लिहावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतले तुम्ही बारा जण, निम्मे मराठी मंडळातले आणि निम्मे ऑफिसातले, गेल्या मोसमात एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलची, फँटसी लीग ॲपवरच्या तयार नियमांवर खेळलात. यात प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ करतो, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळतात आणि दर आठवड्याला दोन-दोन संघांची लढत होते. ऑक्टोबरात एका ट्रेडवरून, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीवरून, दोघांचं बोलणं बंद झालं. डिसेंबरात दोन-तीन जणांनी लाइनअप लावणंच, म्हणजे त्या आठवड्यात कोणते खेळाडू खेळवायचे ते ठरवणंच, सोडून दिलं. मग प्लेऑफमधल्या, म्हणजे बाद फेरीतल्या, शेवटच्या जागेवर कोण, यावरून ग्रुपवर रात्रभर जुंपली. यंदा कमिशनरपद, म्हणजे लीग चालवण्याचं काम, तुमच्याकडे आलंय आणि तुम्ही विचारता आहात की नियम कोणते ठेवू.

मी बरीच वर्षं अशा लीग चालवते आहे, म्हणून आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. कोणत्या नियमाचा फायदा कोणाला होणार हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हाच तो लिहून घ्या. ऑगस्टमध्ये ‘बरोबरी झाली तर काय?’ असं विचारलं की बाराही जण शांतपणे मत देतात. तोच प्रश्न डिसेंबरात आला की प्रत्येक उत्तर कोणाच्या तरी बाजूचं असतं. तुमचंही, कारण कमिशनर स्वतःही एक संघ खेळवत असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २ जानेवारी २०२३ चं आहे. सिनसिनाटीत सोमवारी रात्री बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांचा सामना होता. मोसमाचा सतरावा आठवडा, म्हणजे बहुतेक फँटसी लीगच्या अंतिम फेरीचा. पहिल्याच क्वार्टरमध्ये बिल्सचा डॅमर हॅमलिन टॅकल करून उठला आणि मैदानात कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं, मैदानातच सीपीआर द्यावा लागला. तो वाचला आणि पुढच्या मोसमात पुन्हा खेळला, ही या कथेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट. सामना तिथेच थांबला आणि तीन दिवसांनी एनएफएलने तो पुन्हा होणार नाही असं जाहीर केलं. जॉश ॲलन, जो बरो, जामार चेस, स्टेफॉन डिग्ज असे ऐन मोक्याचे खेळाडू त्या सामन्यात होते. ज्यांची अख्खी अंतिम लढत त्यांच्यावर अवलंबून होती त्यांच्या खात्यात जवळजवळ शून्य जमा झालं. एक माणूस आयसीयूत असताना गुणांचा विषय काढायलाही लाज वाटत होती, पण विजेता तर ठरवायचा होता. कोणी बक्षीस वाटून घेतलं, कोणी ॲपने वर्तवलेले गुण धरले, कोणी त्या खेळाडूंचे अठराव्या आठवड्यातले गुण मोजले. यातला कुठलाही मार्ग चूक नव्हता. ज्या लीगमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे मात्र जो मार्ग निवडला तो पराभूताला अन्याय वाटला.

म्हणून तुमच्या नियमांत हे कलम हवंच. मी असं लिहिते: ‘सामना सुरू झाल्यावर रद्द झाला आणि त्याच आठवड्यात पुन्हा खेळवला गेला नाही, तर तोवर मिळालेले गुण कायम राहतील. अंतिम फेरीत असं झालं आणि त्या सामन्यातला खेळाडू दोघांपैकी कोणाच्याही लाइनअपमध्ये असला, तर दोघं संयुक्त विजेते आणि पहिल्या-दुसऱ्या बक्षिसाची बेरीज निम्मी-निम्मी.’ तुम्हाला दुसरा मार्ग आवडला तर तो घ्या. शब्द मात्र आत्ताच ठरवा.

आता ट्रेड. तुमच्याकडे भांडण इथूनच सुरू झालं आणि बहुतेक ठिकाणी इथूनच होतं.

बऱ्याच लीगमध्ये ट्रेड झाला की बाकीच्यांनी मत द्यायचं आणि ठरावीक विरोधी मतं पडली की तो रद्द, अशी पद्धत असते. ऐकायला लोकशाहीची वाटते, पण मी तिच्या पूर्ण विरोधात आहे. मत देणारा प्रत्येक जण त्या दोघांचा प्रतिस्पर्धी असतो. समोरचा संघ बळकट होतोय एवढं दिसलं तरी हात विरोधात वर जातो. मग मेहनतीने जुळवलेला सरळ सौदाही फेटाळला जातो आणि दोन महिन्यांत ट्रेडची बोलणी करणंच लोक सोडून देतात. ट्रेड हा या खेळातला सर्वात जिवंत भाग आहे, तो मारू नका.

एखाद्याने चांगला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) देऊन तुमच्या मते किरकोळ रिसीव्हर (पास पकडणारा) घेतला, तर तो त्याचा निर्णय. त्याला खेळाडूची पारख कमी असेल, किंवा तुमच्याहून जास्तही असेल. ट्रेड रद्द करायला एकच कारण पुरेसं असावं, ते म्हणजे संगनमत. त्याची व्याख्या नियमातच लिहा: दोन मालकांनी मिळून एकाच संघाचा फायदा करणं, आपला संघ बाद झाला म्हणून चांगले खेळाडू मित्राला देऊन टाकणं, आज खेळाडू दे, पुढच्या आठवड्यात परत घे असा उसनवारीचा सौदा, आणि लीगबाहेरच्या कशाच्याही बदल्यात केलेला सौदा, मग ते पैसे असोत, जेवण असो किंवा ऑफिसातली शिफ्ट. शंका आली तर कमिशनरने दोघांना स्वतंत्रपणे एकच विचारायचं: ‘या सौद्याने तुझा संघ कसा सुधारतो?’ दोघांकडे पटण्याजोगं उत्तर असेल तर सौदा मंजूर. कमिशनरच्या स्वतःच्या ट्रेडबद्दल निर्णय दुसऱ्याने द्यायचा आणि त्याचं नाव ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, आधीच ठरवायचं. या दुसऱ्या माणसाशिवाय लीग सुरू करू नका.

ट्रेडची शेवटची तारीख अकराव्या आठवड्याच्या अखेरीला ठेवा, म्हणजे साधारण थँक्सगिव्हिंगच्या आधी. तोवर बहुतेक संघांना थोडी तरी आशा असते, त्यामुळे निरवानिरवीचे सौदे आपोआप कमी होतात.

ड्राफ्टकडे वळते. एनएफएलच्या संघांची अंतिम ५३ जणांची निवड ऑगस्टच्या शेवटी होते. ड्राफ्ट त्यानंतर आणि मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या आधी ठेवा. घाई केली तर काय होतं ते २०१९ मध्ये दिसलं. २४ ऑगस्टच्या रात्री इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) अँड्र्यू लकने अचानक निवृत्ती जाहीर केली आणि आधीच ड्राफ्ट उरकलेल्या कितीतरी जणांचा क्वार्टरबॅक गेला. पण उशिरा ड्राफ्ट करूनही सगळं टळत नाही. २०१८ मध्ये पिट्सबर्गचा लेव्हियन बेल कराराच्या वादातून अख्खा मोसम खेळला नाही, आणि तो तर पहिल्या फेरीतला खेळाडू होता. अशा वेळी ‘मला बदली खेळाडू द्या’ ही मागणी येतेच. उत्तर नियमात असू द्या: ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूची जोखीम घेणाऱ्याची, भरपाई नाही.

लेबर डेच्या आधीचा शनिवार-रविवार ड्राफ्टसाठी सगळ्यांना आवडतो, पण गणपती त्याच सुमारास येतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि लेबर डे १ सप्टेंबरला. तुमचे निम्मे लोक मंडळाच्या कार्यक्रमात अडकलेले असणार. तारीख जुलैतच सगळ्यांना विचारून पक्की करा. वेळेचा हिशोबही करा: बारा संघ, प्रत्येकी १५ खेळाडू, म्हणजे १८० निवडी. एका निवडीला ९० सेकंद दिले आणि सगळ्यांनी ते पुरेपूर वापरले तर साडेचार तास लागतील. पहिल्या पाच फेऱ्यांना ९० आणि पुढे ६० सेकंद ठेवलेत तर संध्याकाळ आटोपशीर होते. जो येऊ शकणार नाही त्याने आवडीचा क्रम ॲपवर भरून ठेवायचा. त्याच्या नावाने दुसऱ्याने निवड करायची नाही, कमिशनरने तर मुळीच नाही.

पहिल्या फेरीत १ ते १२ आणि दुसऱ्या फेरीत उलट, अशी नागमोडी पद्धत तुमच्यासाठी ठीक आहे. क्रमाची चिठ्ठी ड्राफ्टच्या किमान आठवडाभर आधी, सगळ्यांसमोर किंवा व्हिडिओ कॉलवर काढा. दोनशे काल्पनिक डॉलरमध्ये बोली लावायची पद्धत जास्त न्याय्य आहे, कारण प्रत्येकाला प्रत्येक खेळाडू घेता येतो. पण तिला वेळ लागतो आणि नवख्यांची तारांबळ उडते. एक-दोन मोसम जाऊ द्या. खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची सोयसुद्धा सध्या नको.

गुणपद्धतीवर लोक सर्वात जास्त चर्चा करतात, खरं तर तिच्यावरून भांडणं सर्वात कमी होतात. ती सगळ्यांना सारखीच लागू असते ना. पकडलेल्या प्रत्येक पासला अर्धा गुण, धावून किंवा पकडून केलेल्या प्रत्येक १० यार्डांना एक, पासिंगच्या २५ यार्डांना एक, पासिंग टचडाउनला (पास देऊन चेंडू गोलरेषेपार पोहोचवला तर) चार, बाकी टचडाउनला सहा. एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन रिसीव्हर, एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही पकडणारा), एक फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, यांपैकी कोणीही), एक किकर, एक डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी), बेंचवर सहा. ड्राफ्ट झाल्यावर यातलं काहीही बदलायचं नाही, एवढी ओळ मात्र जोडा.

वेव्हरसाठी, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेले खेळाडू मोसमात उचलण्यासाठी, बोलीची पद्धत आग्रहाने सांगेन. प्रत्येकाला मोसमाला १०० काल्पनिक डॉलर द्यायचे. मंगळवारी रात्रीपर्यंत मोकळ्या खेळाडूंवर गुप्त बोली लावायची, बुधवारी पहाटे ॲप निकाल लावतं. रांगेच्या पद्धतीत एखादा जखमी झाला की त्याच्या जागी खेळणाऱ्याला कोण उचलणार हे रांगेतल्या नंबरवर ठरतं, आणि ‘पहिला येईल त्याचा’ ठेवलं तर ते रात्री कोण जागं आहे यावर ठरतं. तुमच्यात कोणी हॉस्पिटलात रात्रपाळी करत असेल, कोणाचं तान्हं बाळ असेल. बोलीत सगळे सारखे. दोघांची बोली सारखी आली तर गुणतक्त्यात खालच्या संघाला खेळाडू. एक लक्षात ठेवा, वेळापत्रक दरवर्षी सारखं नसतं. २०२४ मध्ये २५ डिसेंबर बुधवारी आला आणि त्या दिवशी सतराव्या आठवड्याचे दोन सामने झाले. ज्यांनी आधीच्या मंगळवारी ॲप उघडलं नाही त्यांना उशीर झाला. मोसम सुरू होण्याआधी संपूर्ण वेळापत्रक एकदा नजरेखालून घाला आणि असे आडवारचे सामने ग्रुपवर आठवडाभर आधी कळवा.

लाइनअप न लावणाऱ्यांबद्दल. हा आळशीपणा फक्त त्याच्या संघापुरता राहत नाही. बाय वीकवर (संघाच्या सुट्टीच्या आठवड्यात) असलेले तीन खेळाडू लाइनअपमध्ये ठेवून एखादा हरला, तर त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्याला फुकट विजय मिळतो आणि प्लेऑफच्या उंबरठ्यावरचा तिसराच कोणी बाहेर पडतो. एनएफएलच्या ३२ संघांना मोसमात एकेक आठवडा सुट्टी असते, सहसा पाचव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान. तेव्हा तर हे हमखास घडतं. माझा नियम असा: सुट्टीवरचा किंवा खेळणार नाही असं आधीच जाहीर झालेला खेळाडू लाइनअपमध्ये राहिला तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याचा क्रम शेवटचा, तिसऱ्यांदा पुढच्या वर्षी जागा नाही. कमिशनरने कोणाचंही लाइनअप स्वतःहून लावू नये. आज दया म्हणून लावलंत तर उद्या ‘माझं का नाही लावलं?’ हे ऐकावं लागेल, आणि त्या आठवड्यात तुमचा सामना कोणाशी होता हेही लोक पाहतील.

इथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, जिच्याबद्दल अमेरिकन मित्रांच्या नियमावलीत काही सापडणार नाही. प्लेऑफ असतात डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि मुलांच्या शाळेच्या सुट्टीत आपण भारतात जातो नेमके तेव्हाच. रविवारी दुपारी एकचे सामने, इस्टर्न वेळेप्रमाणे, हिवाळ्यात भारतात रात्री साडेअकराला सुरू होतात. कोण खेळणार नाही याची यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी लागते, म्हणजे रात्री दहाला. गुरुवार रात्रीचा सव्वाआठचा सामना तिथे शुक्रवारी सकाळी पावणेसातला. विमानात असाल, लग्नघरात असाल, गावाकडे नेटवर्क नसेल. म्हणून प्रत्येकाने मोसमाच्या सुरुवातीलाच एक सहमालक नोंदवावा: नवरा, बायको, भाऊ, कोणीही, पण लीगमधला दुसरा खेळाडू नव्हे. तेही शक्य नसेल तर प्रवासाआधी कमिशनरला ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं लिहून द्यायचं: ‘अमुक खेळत नसेल तर तमुक.’ खाजगी मेसेज ग्राह्य नाही. कमिशनरने स्वतःहून लाइनअप लावू नये म्हटलं, त्याला अपवाद हा एवढाच, कारण निर्णय आधीच मालकाने दिलेला आहे.

प्लेऑफ आता. २०२१ पासून एनएफएलचा मोसम १८ आठवड्यांचा आणि प्रत्येक संघाचे १७ सामने झाले. अठराव्या आठवड्यात अनेक संघांचं स्थान पक्कं झालेलं असतं, ते मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात. तुमची अंतिम फेरी तिथे कधीच ठेवू नका. चौदा आठवड्यांची साखळी, मग पंधरा, सोळा, सतरा असे तीन आठवडे बाद फेरी. बारांतले सहा संघ पात्र, पहिल्या दोघांना पंधराव्या आठवड्यात थेट पुढे चाल.

सहावी जागा मात्र विजयांवर देऊ नका, एकूण गुणांवर द्या. बारा संघांत चौदा आठवडे म्हणजे प्रत्येकाशी एकदा आणि तिघांशी दोनदा. ते तिघे कोण, हे नशीब. समोरच्याने त्याच आठवड्यात कहर केला तर तुम्ही दुसऱ्या क्रमांकाचे गुण करूनही हरता. २०२० च्या नाताळात न्यू ऑर्लिन्सच्या ॲल्विन कमाराने एका सामन्यात धावून सहा टचडाउन केले. असा विक्रम त्याआधी फक्त अर्नी नेव्हर्सच्या नावावर होता, तोही १९२९ सालचा. बहुतेक लीगची ती अंतिम फेरी होती आणि कमाराच्या समोर जो होता त्याच्या हातात काहीच नव्हतं. अंतिम फेरीतलं नशीब आपण सोसतो, त्यातही मजा आहे. पण चौदा आठवडे भरभरून गुण करणारा संघ पात्रच ठरला नाही तर वाईट वाटतं, म्हणून त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवायचं. पाचव्या जागेपर्यंत विजय समान असतील तर एकूण गुण, तेही समान असतील तर आपसातला निकाल. हाच क्रम लिहिलेला असता तर तुमच्या ग्रुपवरची ती रात्र टळली असती.

आकडेवारी मागाहून दुरुस्त होते हेही लोक विसरतात. सोमवारी रात्री अर्ध्या गुणाने जिंकलेला गुरुवारी हरलेला असू शकतो, कारण एखादं सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) किंवा काही यार्ड तपासणीत बदलले जातात. नियम: ॲपची दुरुस्तीची मुदत संपली की निकाल अंतिम; त्याआधी तो पक्का नाही आणि त्यानंतर बदलणार नाही. अंतिम फेरीचं बक्षीसही तोवर थांबवा.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी ड्राफ्टच्या आधी, सगळ्यांची. ज्याची आली नाही त्याला ड्राफ्ट नाही, मग तो कितीही जवळचा असो. भिशीत जसं पैसे कोणाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं तसं इथेही असावं. कमिशनरने पैसे स्वतःकडे ठेवू नयेत, खजिनदार वेगळा नेमावा. बारा जणांचे प्रत्येकी ५० धरले तर ६०० डॉलर होतात: विजेत्याला ३००, उपविजेत्याला १५०, साखळीत सर्वाधिक गुण करणाऱ्याला १००, तिसऱ्याला वर्गणी परत. ते शंभर कमी करू नका, त्यांच्यामुळे नशिबाने मागे पडलेले संघही शेवटपर्यंत जोर लावतात. तुमच्या राज्यात अशा लीगबद्दल काय नियम आहेत ते आधी पाहा, राज्याराज्यांत फरक आहे. आणि भारतातून कोणी मित्र खेळणार असेल तर पैसे पूर्णपणे बाजूला ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तिथे २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला आहे. फिरती ढाल ठेवा, तिच्यावर दरवर्षी विजेत्याचं नाव कोरा. लोक ढालीसाठी पैशांइतक्याच जिवाने खेळतात, हे मी पाहिलं आहे.

शेवटच्या क्रमांकाला शिक्षा ठेवायची हौस असेल तर तीही ऑगस्टमध्ये ठरवा आणि कोणाचा अपमान होईल अशी ठेवू नका. पुढच्या ड्राफ्टला सगळ्यांसाठी वडापाव त्याने आणायचे, एवढं पुरे.

हा खेळ मुळातच लिहिलेल्या नियमांतून जन्मला आहे. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स संघातले एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी संघाच्या न्यूयॉर्क दौऱ्यात काही सोबत्यांबरोबर हॉटेलात बसून नियम आखले आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. आधी कागद, मग खेळ. तुम्हीही दोन पानांची नियमावली करा, प्रत्येकाकडून ग्रुपवर ‘मान्य’ असं लिहून घ्या आणि त्यानंतरच ॲपवर लीग उघडा.

मोसम चालू असताना नियमावलीत नसलेला प्रश्न येणारच. तेव्हा कमिशनर आणि ड्राफ्टआधी ठरवलेला तो दुसरा माणूस मिळून तात्पुरता निर्णय देतील. त्यांच्यापैकी कोणाचा संघ त्यात गुंतला असेल तर खजिनदार त्याची जागा घेईल. निर्णय त्याच दिवशी कारणासह ग्रुपवर टाकायचा. कायमचा बदल मात्र सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) झाल्यावर, फेब्रुवारीत, बारांपैकी आठ मतांनी, आणि तो लागू पुढच्या मोसमापासून. तुमचं गेल्या वर्षीचं ट्रेडचं भांडणही त्याच बैठकीत काढा. त्या दोघांना आधी बोलू द्या आणि जुन्या सौद्याचा निकाल न बदलता फक्त पुढचं कलम लिहून घ्या.